‘सुपर मारिओ ब्रदर्स’ स्विचवर शेवटपर्यंत कसा खेळावा

१३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम कन्सोलसाठी बाजारात आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ आज निन्टेन्डो स्विचवर काही क्षणांत सुरू करता येतो. मूळ यंत्रात नसलेल्या दोन सोयीही त्याच्याबरोबर मिळतात: खेळ हवा तेथे साठवून ठेवणे आणि चूक झाल्यास काही सेकंद मागे जाणे (रिवाइंड). या सोयींमुळे खेळ पूर्ण करणे अगदी सोपे झाले असेल, असा समज होणे साहजिक आहे. मी स्वतः पहिल्या खेपेस प्रत्येक चुकीनंतर मागे जात जात आठव्या जगाचा शेवट गाठला आणि दुसऱ्या दिवशी मागे न जाता खेळायला बसलो, तेव्हा दुसऱ्या जगातच तिन्ही जीव संपले. डोळ्यांनी सगळा खेळ पाहिला होता, पण हाताला काहीच वळण लागलेले नव्हते. तेव्हापासून मी या सोयी केवळ सरावासाठी वापरतो आणि खरा खेळ १-१ (पहिल्या जगाची पहिली लेव्हल) पासून ८-४ (आठव्या जगाची चौथी) पर्यंत सलग खेळतो. पुढे जे सांगितले आहे, ते याच पद्धतीला धरून आहे.

कोणती आवृत्ती निवडावी

स्विचवर या खेळाची अनेक रूपे उपलब्ध आहेत आणि नावे सारखी असल्याने नवख्या माणसाची गफलत होते. मूळ खेळ निन्टेन्डो स्विच ऑनलाइन या वर्गणीबरोबर मिळणाऱ्या एनईएस (फॅमिकॉमचे जपानबाहेरचे नाव) अ‍ॅपमध्ये आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या २० खेळांत तो होता. सुपर निन्टेन्डोच्या अ‍ॅपमध्ये ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ हा १९९३ चा संग्रह आहे आणि त्यात याच खेळाची नव्या चित्रांनी सजवलेली आवृत्ती आहे. ती दिसायला सुंदर आहे आणि प्रगती स्वतःच साठवून ठेवते; परंतु तिच्यात वीट फोडल्यावर मारिओ मूळ खेळातल्यासारखा खाली ढकलला जात नाही, वरच चढत राहतो. हा फरक किरकोळ वाटला तरी मूळ खेळात घटवलेला हात तेथे चुकतो आणि तेथे घटवलेला हात येथे चुकतो. १९८६ चा ‘व्हीएस. सुपर मारिओ ब्रदर्स’ हा आर्केडमधला अवतार स्विचवर स्वतंत्रपणे विकत मिळतो, पण त्यातल्या अनेक लेव्हल मुद्दाम अवघड केलेल्या आहेत. ‘द लॉस्ट लेव्हल्स’ हा तर मूळ खेळात पारंगत झालेल्यांसाठीच काढलेला पुढचा भाग आहे. पहिल्यांदा खेळणाऱ्याने एनईएस अ‍ॅपमधील मूळ खेळच निवडावा, असे माझे ठाम मत आहे.

एक व्यावहारिक बाब येथेच सांगतो. या अ‍ॅपमधील खेळ इंटरनेटशिवाय चालतात, पण वर्गणी चालू असल्याची खातरजमा होण्यासाठी कन्सोल दर ७ दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावा लागतो. प्रवासाला निघण्यापूर्वी हे करून ठेवावे.

पडदा, आवाज आणि बटणे

सराव सुरू करण्याआधी पहिले काम टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू करण्याचे. आजचे टीव्ही चित्र उजळ आणि रेखीव करण्यासाठी त्यावर बरीच प्रक्रिया करतात आणि त्या प्रक्रियेत वेळ जातो. हा खेळ सेकंदाला सुमारे ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. पूर्ण वेगाने पळणारा मारिओ एका फ्रेममध्ये अडीच पिक्सेल पुढे सरकतो आणि जमिनीचा एक ठोकळा १६ पिक्सेल रुंद असतो. एखाद्या टीव्हीने चित्र ८० मिलिसेकंद उशिरा दाखवले, तर तुम्हाला खड्ड्याची कड दिसते तेव्हा मारिओ प्रत्यक्षात जवळजवळ पाऊण ठोकळा पुढे गेलेला असतो. शेवटच्या क्षणी मारायच्या उड्या अशा टीव्हीवर एकामागून एक चुकतात आणि खेळणारा दोष मात्र स्वतःच्या हाताला देतो. गेम मोड लावूनही उड्या उशिरा होत असल्याचे जाणवले, तर स्विच टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधून काढून त्याच्याच पडद्यावर खेळून पाहावे. दोन्हींतला फरक दहा मिनिटांत कळतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र या खेळासाठी टाळावेत. स्विचवर ते २०२१ पासून चालतात, पण त्यांत आवाज मागून येतो आणि उडीचा ठेका बिघडतो.

चित्र कसे दिसावे यासाठी अ‍ॅपमध्ये तीन पर्याय आहेत. ‘पिक्सेल परफेक्ट’ या पर्यायात प्रत्येक पिक्सेल चौरस दिसतो, ४:३ मध्ये चित्र जुन्या टीव्हीवर दिसे तसे थोडे आडवे ताणलेले असते आणि तिसऱ्या पर्यायात जुन्या काचेच्या पडद्यासारख्या आडव्या रेषा येतात. खेळण्यात याने फरक पडत नाही. मला ४:३ आवडते, कारण चित्रकारांनी ही चित्रे तशाच टीव्हीसाठी काढली होती.

बटणांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. खेळात ए बटणाने उडी मारता येते आणि बी बटण दाबून धरल्यास मारिओ पळतो. खेळाचा बहुतेक भाग बी दाबून धरूनच खेळायचा असतो, त्यामुळे उजव्या अंगठ्याचे टोक बी वर टेकलेले ठेवून त्याच अंगठ्याच्या मधल्या पेराने ए दाबावे लागते. मूळ कंट्रोलरवर बी डावीकडे आणि ए त्याच्या लगेच उजवीकडे असल्याने हे सहज जमे. स्विचवर मात्र बी तळाशी आणि ए उजव्या बाजूला आहे, त्यामुळे अंगठा अवघडतो. यावर उपाय कन्सोलमध्येच आहे. एप्रिल २०२० मधील सिस्टिम अपडेटपासून ‘कंट्रोलर्स अँड सेन्सर्स’ या सेटिंगमध्ये बटणांची कामे बदलता येतात. तेथे वाय बटणाला बी चे काम आणि बी बटणाला ए चे काम द्यावे. मग अंगठा डावीकडून तळाकडे नैसर्गिकपणे आडवा पडतो आणि पळणे व उडी ही दोन्ही कामे त्याला न उचलता करता येतात. हा बदल संपूर्ण कन्सोलला लागू होतो, हे लक्षात असू द्यावे. खेळ संपल्यावर तो पूर्ववत केला नाही, तर मेनूमध्येही बटणे उलटी चालतात.

डाव्या हाताने दिशेची बटणे वापरावीत, अ‍ॅनलॉग स्टिक नको. स्टिक थोडी तिरकी झाली की खालची दिशा लागते आणि मारिओ पळता पळता मंदावतो. खड्ड्याच्या तोंडाशी असे झाले तर एक जीव जातो.

उडी

या खेळात शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट उडी आहे आणि तिच्यावर घालवलेला वेळ पुढे प्रत्येक जगात कामी येतो. उडीची उंची दोन गोष्टींवर ठरते: ए बटण किती वेळ दाबून धरले आणि जमीन सोडताना मारिओचा वेग किती होता. जागच्या जागी पूर्ण दाबून मारलेली उडी साधारण ४ ठोकळे उंच जाते, पूर्ण वेगातली ५ ठोकळ्यांपर्यंत पोहोचते आणि बटणाला नुसता स्पर्श करून लगेच सोडले तर मारिओ जेमतेम एक ठोकळा वर जातो. हवेत असतानाही दिशा बदलता येते, पण जमिनीवरच्या इतकी झटकन नाही. त्यामुळे कुठे उतरायचे हे उडी मारण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.

यासाठी एक सराव सुचवतो. १-१ सुरू करून पहिल्या पाइपजवळ थांबावे. तेथे त्या पाइपवरून तीन वेगवेगळ्या प्रकारे उड्या माराव्यात: आधी उभे राहून, मग दोन पावले चालून, शेवटी बी दाबून पळत येऊन. प्रत्येक वेळी ए बटण थोडे लवकर सोडत जावे आणि मारिओ पाइपच्या काठावर जेमतेम टेकेल तो क्षण शोधावा. बरोबर वेळी बटण सोडले की मारिओ वर जाता जाता मऊपणे वळतो आणि काठावर अलगद उतरतो. उशीर झाला तर पाइप ओलांडून पलीकडे जाऊन पडतो. दहा-पंधरा मिनिटांत अंगठ्याला हा फरक कळू लागतो आणि त्यानंतर पुढच्या खड्ड्यांची भीती अर्ध्याने कमी होते.

पळण्याचा आणखी एक उपयोग पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एका ठोकळ्याएवढा खड्डा पूर्ण वेगात असताना उडी न मारताच ओलांडता येतो. मारिओ त्यावरून सरळ धावत जातो. डोक्यावर विटांचे छत असलेल्या जागी हे फार उपयोगी पडते, कारण तेथे उडी मारली की डोके आपटून मारिओ खड्ड्यातच उतरतो.

पहिल्या जगातली दुसरी एक जागा पाहण्यासारखी आहे. १-१ मधल्या पहिल्या मशरूमचा ठोकळा फोडला की मशरूम उजवीकडे सरकतो, खाली पडतो, समोरच्या पाइपला आपटतो आणि मारिओकडे परत येतो. खेळाचे रचनाकार शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ही मांडणी इतक्या काळजीने केली आहे की मशरूमला शत्रू समजून पळणारा खेळाडूही बहुतेक वेळा त्याला धडकतोच आणि मोठा झाल्यावर त्याला कळते की ही वस्तू चांगली आहे. संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला असल्याने आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपेही एकाच चित्राची, फक्त रंग बदललेली, रूपे आहेत. शिकवण्यासाठी मजकूर घालायला जागाच नव्हती, म्हणून शिकवण्याचे काम लेव्हलच्या रचनेने केले. खेळताना अशा जागांकडे लक्ष दिले, तर पुढची प्रत्येक नवी अडचण कुठल्या धड्याची पुढची पायरी आहे ते ओळखता येते.

रिवाइंड आणि साठवणीच्या जागा कशा वापराव्यात

अ‍ॅपमध्ये एका खेळासाठी चार जागी प्रगती साठवता येते. यांपैकी एकही जागा मी सलग खेळासाठी वापरत नाही. चारही सरावासाठी ठेवतो. सध्या जी लेव्हल जमत नाही, तिच्या सुरुवातीला एक, त्याच लेव्हलमधल्या सर्वांत अवघड जागेच्या काही पावले अलीकडे दुसरी, आणि उरलेल्या दोन पुढच्या जगांसाठी, अशी माझी व्यवस्था असते. अवघड जागेच्या अलीकडची साठवण उघडायची, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा खेळायचा आणि लागोपाठ पाच वेळा न चुकता पार झाला की मगच लेव्हलच्या सुरुवातीपासून खेळायचे. पाच हा आकडा मी माझ्यापुरता ठरवलेला आहे; तीनदा जमलेली उडी चौथ्यांदा चुकते, असे मला अनेकदा दिसले आहे.

रिवाइंडचे काम वेगळे आहे. चूक नेमकी कुठे झाली हे पाहण्यासाठी ते उत्तम साधन आहे. मारिओ खड्ड्यात पडला की आपल्याला वाटते की उडी चुकली. पण दोन सेकंद मागे जाऊन पाहिले, तर पुष्कळदा दिसते की उडीच्या आधीच बी बटण सुटले होते आणि वेग कमी पडला होता. म्हणून मागे जावे, पाहावे, कारण समजून घ्यावे आणि नंतर त्या तुकड्याची साठवलेली जागा उघडून पुन्हा सुरुवातीपासून यावे. मागे गेलेल्या जागेवरूनच पुढे खेळत राहिल्यास हाताला फक्त तो एक क्षण कळतो, त्याच्या आधीचा वेग आणि ठेका कळत नाही, आणि पुढच्या वेळी तेथपर्यंत पळत आल्यावर तीच उडी पुन्हा चुकते.

हा सराव फळ देतो याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. शत्रू यदृच्छेने उगवत नाहीत. पडदा ठरावीक जागी पोहोचला की ठरावीक शत्रू ठरावीक जागी येतो. पडदा मागे सरकत नाही, त्यामुळे वाटही एकच असते. एकदा पाठ झालेला तुकडा दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. हातोडे फेकणारे हॅमर ब्रदर हा याला महत्त्वाचा अपवाद आहे, त्यांच्याविषयी पुढे येईलच.

पहिल्या जगापासून सातव्यापर्यंत

खेळात ८ जगे आणि प्रत्येकात ४ लेव्हल, अशा एकूण ३२ लेव्हल आहेत. सुरुवात ३ जिवांनी होते आणि १०० नाण्यांना एक जीव मिळतो. गुणांवर जीव मिळत नाही, म्हणून लेव्हलच्या शेवटी असलेल्या झेंड्याच्या टोकाला उडी मारून मिळणाऱ्या ५००० गुणांसाठी धोका पत्करू नये. घड्याळाचा आकडा सेकंदांचा नसतो. त्याचा एक अंक साधारण ०.४ सेकंदात कमी होतो, म्हणजे ४०० चा आकडा प्रत्यक्षात अडीच मिनिटांहून थोडाच जास्त असतो. तो १०० वर आला की कोजी कोंडो यांचे संगीत जलद होते. ते ऐकून घाबरू नये, अजून जवळपास ४० सेकंद हातात असतात.

जीव जमवण्यासाठी १-१ मध्येच चांगली सोय आहे. चौथ्या पाइपच्या पुढे, पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे, एका अदृश्य ठोकळ्यात जीव देणारा हिरवा मशरूम असतो. चौथ्या पाइपवर उभे राहून खालची दिशा दाबली तर १९ नाण्यांची खोली उघडते, पण त्या वाटेने गेल्यास हा ठोकळा मागे राहतो. दोन्हींत मी जीवच घेतो.

३-१ च्या शेवटी पायऱ्यांवरून दोन कासवे उतरतात. त्यांतल्या मागच्या कासवाला पायरीवर गाठून त्याची ढाल पायरीला सतत आपटत राहील अशी उडी मारली, तर प्रत्येक टोल्याला गुण वाढत जातात आणि ८००० च्या पुढे प्रत्येक टोल्याला एक जीव मिळतो. हे जमायला वेळ लागतो आणि येथे रिवाइंडने सराव करणे अगदी योग्य ठरते. जिवांचा आकडा ९ च्या वर गेला की पडद्यावर चित्रविचित्र चिन्हे दिसतात, त्याची काळजी नसावी; मात्र आकडा १२७ च्या पलीकडे गेला तर पुढचा जीव जाताच खेळ संपतो. वीस-पंचवीस जीव पुरेसे आहेत.

लेव्हल १-२ आणि ४-२ मध्ये पुढच्या जगांत नेणारे गुप्त पाइप आहेत. १-२ च्या शेवटी छतावरून चालत गेल्यास दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या जगाचे पाइप मिळतात. ४-२ मध्ये विटांच्या एका लहान रांगेत दडलेल्या वेलीवर चढल्यास सहाव्या, सातव्या व आठव्या जगाचे. या वाटेने केवळ ८ लेव्हलमध्ये खेळ संपतो आणि निष्णात खेळाडू तो ५ मिनिटांच्या आत संपवतात. पहिल्या पूर्ण खेळासाठी मात्र मी ही वाट सुचवणार नाही. मधल्या जगांत हातोडे, तोफगोळे आणि फिरत्या आगीच्या दांड्या यांची सवय होते. ती सवय नसताना आठव्या जगात उतरलेला खेळाडू ८-१ मध्येच अडकतो.

मधल्या जगांत एक मोठी सवलतही आहे. जागा वाचवण्यासाठी काही लेव्हल पुन्हा वापरलेल्या आहेत: ५-३ म्हणजे १-३, ६-४ म्हणजे १-४, ७-२ म्हणजे २-२, ७-३ म्हणजे २-३ आणि ५-४ म्हणजे २-४, फक्त शत्रू आणि अडथळे वाढवलेले. पहिल्या दोन जगांतल्या या पाच लेव्हल मन लावून पाठ केल्या, तर पुढच्या पाच अर्ध्याहून अधिक तयार असतात.

शत्रूंपैकी पाइपमधून वर येणारी रोपे मारिओ पाइपला चिकटून किंवा त्यावर उभा असेल तर बाहेर येत नाहीत, म्हणून घाई न करता पाइपजवळ सरकावे. ढगावर बसून काटेरी प्राणी फेकणारा लाकितू ४-१, ६-१ आणि ८-२ मध्ये येतो. त्याच्याशी झुंजण्यात वेळ घालवू नये, बी दाबून पळत राहावे. पाण्याखालच्या २-२ आणि ७-२ मध्ये उलट घाई नडते. तळाशी राहून, खड्ड्यांवर खाली ओढणाऱ्या प्रवाहांपासून दूर, छोट्या छोट्या दाबांनी पोहावे.

आगीचे फूल मिळाल्यावर मारिओ आगीचे गोळे फेकू शकतो, पण लक्षात ठेवावे की पडद्यावर एका वेळी दोनच गोळे राहतात, म्हणून बटण भराभर दाबण्यात अर्थ नसतो. या मूळ खेळात आग फेकणाऱ्या मारिओला एक धक्का बसला तर तो थेट लहान होतो, मधली पायरी नाही.

प्रत्येक जगाच्या शेवटी किल्ल्यातल्या पुलावर खेळातला मुख्य शत्रू बाउझर उभा असतो. ५ गोळ्यांनी तो मरतो आणि सातव्या जगापर्यंत मेल्यावर त्याचे खरे रूप, म्हणजे एखादा साधा शत्रू, दिसते. गोळे नसतील तर तो उडी मारतो तेव्हा खालून पळून पलीकडची, पूल तोडणारी कुऱ्हाड गाठावी. मारिओ मोठा असेल तर आणखी एक मार्ग आहे: मुद्दाम त्याला धडकावे आणि लहान झाल्यावर मिळणाऱ्या काही क्षणांच्या अभयात त्याच्यातून पळत कुऱ्हाडीपर्यंत जावे. सहाव्या जगापासून तो हातोडे फेकू लागतो, तेव्हा मी हाच मार्ग धरतो आणि किल्ल्यात मोठाच राहून पोहोचण्याचा प्रयत्न करतो.

४-४ आणि ७-४ हे किल्ले भुलभुलैया आहेत. चुकीची वाट घेतली की तोच बोगदा पुन्हा येतो आणि घड्याळ चालूच राहते. पहिल्या खेपेस किल्ल्याच्या सुरुवातीला साठवण करून, प्रत्येक फाट्यावर वरची, मधली की खालची वाट घेतली ते कागदावर लिहीत जावे. दहा मिनिटांत तयार झालेला तो कागद पुढे कायमचा उपयोगी पडतो.

सातव्या जगापर्यंत किल्ले सोडून बाकी लेव्हलमध्ये मध्यावर एक अदृश्य टप्पा असतो. तो ओलांडल्यानंतर जीव गेला तर मारिओ तेथूनच सुरू होतो. किल्ल्यांत आणि संपूर्ण आठव्या जगात असा टप्पा नाही. सगळे जीव संपले तरी सलग खेळ मोडला असे मी मानत नाही, कारण मूळ खेळातच त्यावर उपाय दिलेला आहे: शीर्षकाच्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट, म्हणजे स्विचवरचे अधिक चिन्हाचे बटण, दाबले की ज्या जगात हरलो त्याच जगाच्या पहिल्या लेव्हलपासून खेळ सुरू होतो.

आठवे जग

८-१ लांब आहे आणि घड्याळ अपुरे पडते, म्हणून ती लेव्हल जवळजवळ अखंड पळतच खेळावी लागते. येथेच बी वर टेकलेल्या अंगठ्याची खरी परीक्षा होते. ८-२ मध्ये लाकितू आणि तोफगोळे एकत्र येतात. तोफेला चिकटून उभे राहिले तर ती गोळा सोडत नाही, हे माहीत असले की श्वास घ्यायला जागा मिळते.

८-३ मध्ये हॅमर ब्रदर जोडीजोडीने उभे असतात. ते कधी उडी मारतील आणि किती हातोडे फेकतील हे ठरलेले नसते, त्यामुळे पाठांतर येथे पुरत नाही. माझी पद्धत अशी आहे: जोडीपासून चार-पाच ठोकळे दूर थांबायचे आणि त्यांच्या उड्या पाहायच्या, जवळचा वरच्या विटांवर चढला की त्याच्याखालून पळायचे, दोघेही खाली असतील तर थांबून राहायचे. पळायला सुरुवात केली की मध्येच थांबू नये. ही लेव्हल मी साठवलेल्या जागेवरून इतर कुठल्याही लेव्हलपेक्षा जास्त वेळा खेळलो आहे आणि मला तिचा कंटाळा आलेला नाही, कारण प्रत्येक वेळी जोडी वेगळी वागते.

८-४ हा शेवटचा किल्ला पाइपांचा भुलभुलैया आहे. प्रत्येक भागात एकच पाइप पुढे नेतो, बाकीचे मागे नेतात किंवा तोच भाग पुन्हा दाखवतात. दुसऱ्या भागातला योग्य पाइप हवेत उंचावर असतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी खाली एक अदृश्य ठोकळा शोधून फोडावा लागतो. तो माहीत नसेल तर पाइप दिसूनही हाती लागत नाही. पुढे एक पाण्याखालचा भाग येतो आणि त्यानंतर बाउझरच्या अलीकडे एक हॅमर ब्रदर. या किल्ल्याचाही कागदावर नकाशा करावा आणि ८-३ मधून मोठा मारिओ घेऊनच आत जाण्याचा प्रयत्न करावा. शेवटचा बाउझर आग आणि हातोडे दोन्ही फेकतो. हातोड्यांचा झोत थांबेपर्यंत पुलाच्या अलीकडे थांबावे, तो वर उडाला की खालून निघावे, आणि खालून जाता आले नाही तर धडकून पलीकडे जावे.

कुऱ्हाड हाती लागली, राजकन्येचा संदेश वाचला आणि शीर्षकाचा पडदा परत आला की खेळ पुन्हा सुरू करून पाहावा. आता बी बटणाने कुठल्याही जगापासून सुरुवात करता येते आणि सगळे गूम्बा (चालत येणारे साधे शत्रू) जाऊन त्यांच्या जागी काळ्या ढालीचे भुंगे आलेले असतात. त्यांना आगीचे गोळे लागत नाहीत आणि त्यांच्यावर उडी मारली की ढाल मागे उरते, त्यामुळे १-१ मधली पहिली पाच पावलेसुद्धा वेगळी खेळावी लागतात. सरावासाठी मोकळ्या केलेल्या चारही साठवणी या दुसऱ्या फेरीला पुन्हा कामी येतात.